भटकायला एक मुलूख

(रेडिओवरील भाषण, थोडे संपादित करून)

श्रोतेहो, कवीला रेडिओवर बोलावलं की तो पाऊस, आई किंवा गाव यांपैकी कशावर तरी बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. कार्यक्रमाच्या मंडळींनीही तसंच धरलं होतं. मी विषय सांगितला तेव्हा फोनवर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मी आज एका व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे. वय सत्तावन्न, शिक्षण बी.ए., विषय मराठी. आणि कॉम्प्युटरवर कविता टाइप करण्यापलीकडं परवापरवापर्यंत काही केलेलं नव्हतं. एवढ्याच भांडवलावर हे धाडस करतोय.

खेळाचं नाव ‘स्कायरिम’. अमेरिकेतल्या मेरिलंड राज्यातल्या बेथेस्डा गेम स्टुडिओज या कंपनीनं तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणला. ‘द एल्डर स्क्रोल्स’ नावाच्या मालिकेतला हा पाचवा मोठा खेळ. पहिला १९९४ साली आला होता. सुमारे १०० जणांनी मिळून तो तयार केला. त्याचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी २०२३ साली सांगितलं, की आजवर सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. ज्याच्या ५०० प्रतींच्या संग्रहाचे गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत, त्या माणसाला हा आकडा वाचून काय वाटलं, ते सांगत नाही.

माझ्या घरात हा खेळ २०१२ साली आला. मुलगा बारावीला होता. त्या वर्षीच्या ईदला सगळ्या चाचा-मामांकडून मिळालेली ईदी साठवून त्यानं तो विकत आणला. मग माडीवरच्या खोलीचं दार बंद राहू लागलं. जेवायला हाका माराव्या लागत. मी दारात उभा राहून बघायचो, तर पडद्यावर बर्फातून कुणीतरी चाललेलं असायचं. नुसतं चाललेलं! मी म्हणायचो, “अरे, याच्यात आहे काय?” तो म्हणायचा, “अब्बा, तुम्हांला नाही कळणार.” माणसं जोडायची असतील तर घराघरांतून बंदी घालावी असं हे वाक्य आहे. पण प्रश्नही काही उत्तर ऐकण्यासाठी विचारलेला नव्हता, हे आता कबूल करतो.

फेब्रुवारी २०१३ मध्ये परीक्षेला काही दिवस उरले असताना मी एका संध्याकाळी माडीवर गेलो आणि खेळ चालू असतानाच भिंतीतलं बटण बंद केलं. वायर काढली, गुंडाळली आणि माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली. तो काही बोलला नाही. मला मोठं काम केल्यासारखं वाटलं. पुढं त्याला मार्क कमीच पडले, इंजिनिअरिंग राहिलं, बी.एस्सी.ला गेला, आज बंगळूरला चांगल्या नोकरीत आहे. म्हणजे गोष्ट दुःखाची नाही. पण त्या संध्याकाळनंतर आमच्या दोघांचं बोलणं कामापुरतं झालं ते झालंच. तब्येत कशी, पैसे मिळाले का, गॅसचा नंबर लावला का. पुष्कळ घरांत बापलेकांचं बोलणं असंच चालतं, त्यामुळं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे घरात. वाचून डोळे दुखायला लागले, कविता सुचेना. भाचा कॉम्प्युटरच्या दुरुस्तीचं काम करतो. त्यानं माडीवरचा जुना कॉम्प्युटर खाली आणला, धूळ झटकली, एक-दोन भाग बदलले आणि चालू करून दिला. म्हणाला, “मामू, यात भाईचा खेळ अजून आहे. बघा, वेळ जाईल.” वायर मात्र मलाच कपाटातून काढून द्यावी लागली.

खेळाची सुरुवात अशी होते. तुमचे हात बांधलेले, तुम्ही एका गाडीत, आणि गाडी तुम्हांला हेल्गन नावाच्या गावी शिरच्छेदाला घेऊन चाललीय. गुन्हा काय, ते तुम्हांला ठाऊक नाही. गावात एक शिपाई यादी घेऊन उभा. यादीत तुमचं नाव नाही. तो विचारतो, तू कोण? तेव्हा पडद्यावर नाक, डोळे, वर्ण, दाढी असं सगळं निवडायचं, दहा जमातींपैकी जमात ठरवायची आणि आपलं नाव लिहायचं. शिपाई ते यादीत घेतो आणि तरीही तुम्हांला ठोकळ्याकडं पाठवतो. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रसंग अगदी घरचा वाटला. मान ठोकळ्यावर असताना आकाशातून ड्रॅगन येतो, गाव जाळतो आणि त्या गोंधळात तुम्ही निसटता. एका लांब भुयारातून बाहेर पडता.

आणि तिथं हा खेळ तुम्हांला पकडतो. समोर डोंगर, देवदार, खाली नदी, वारा. बरोबरचा माणूस सांगतो की पुढच्या गावी जाऊ या. पण त्याच्या मागं जायलाच हवं असं काही नाही. मी उलट्या बाजूला वळलो. कुणी अडवलं नाही. नदीकाठानं दोन तास चालत राहिलो. मासे उड्या मारत होते, निळी फुलं होती, ती खुडता येत होती. फुलपाखरं धरता येत होती. रात्र झाली, आकाशात उत्तरेकडचा हिरवा प्रकाश पसरला आणि फार हळू एक सुरावट सुरू झाली. जेरेमी सोल या संगीतकाराचं ते काम. लंगडा पाय स्टुलावर ठेवून मी सहा आठवड्यांत पहिल्यांदा कुठंतरी चाललो होतो. मुलगा नुसता चालताना का दिसायचा, ते मला त्या रात्री समजलं.

बायको चहा घेऊन आली. पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “अहो, या खेळापायी पोराशी अबोला धरलात ना?” म्हणाली आणि कप ठेवून निघून गेली.

तुम्ही म्हणाल, हिंडण्यात एवढं काय? या सगळ्या मुलुखाचं क्षेत्रफळ मोजणाऱ्यांनी सुमारे ३७ चौरस किलोमीटर काढलंय. एखाद्या मध्यम शहराएवढं. पण त्यात डोंगर असे रचलेत की सरळ जाताच येत नाही. वळणावर एक पडका बुरूज दिसतो, बुरुजावर गेलं की पलीकडं धूर दिसतो, धुराकडं गेलं की गुहा. याच मालिकेतला १९९६ चा ‘डॅगरफॉल’ हा खेळ म्हणे ब्रिटनएवढा प्रचंड होता, पण तो बहुतेक सगळा यंत्रानं हिशेबानं उभा केलेला. गावामागून गावं, सगळी सारखी. इथला उंचसखलपणा माणसाच्या नजरेनं जुळवलेला आहे, हे जाणवतं. आणि प्रत्येक घरातली ताटली, पेला, पाव, मेणबत्ती उचलता येते. मी पहिल्या दोन दिवसांत इतकी भांडी गोळा केली की माझ्या माणसाला धावता येईना. पिशवीला वजनाची मर्यादा आहे.

तेव्हा मला आजोबा आठवले. रमजानच्या रात्री ते आम्हांला अमीर हम्जाची दास्तान सांगायचे, दखनीत. त्यात अमर अय्यार नावाचा बिलंदर आहे, त्याच्याकडं एक झोळी, जिच्यात काहीही मावतं. अख्खी नगरं मावतात. मायावी राज्यं, एका दारातून दुसरं दार, जादूगार मारला की त्याचा चुलता उभा. ती दास्तान एका रमजानात कधीच संपायची नाही. लखनौच्या नवलकिशोर प्रेसनं छापली तेव्हा तिचे ४६ खंड झाले. नाथमाधवांचं ‘वीरधवल’ मी पुढं शाळेच्या ग्रंथालयातून आणून वाचलं तेही त्याच ओढीनं. तेव्हा या असल्या गोष्टींची भूक काही परदेशातून आलेली नाही. फरक एवढाच, की आजोबांना मध्येच थांबवून “त्या डावीकडच्या दारात काय होतं?” असं विचारलं की ते रागवायचे. या खेळात डावीकडच्या दारात जाता येतं.

कवी म्हणून मला आवडलेली गोष्ट निराळीच आहे. या मुलुखात ड्रॅगनांची एक भाषा आहे, तिची लिपी नखांनी ओरबाडल्यासारखी. जुन्या थडग्यांत दगडी भिंतींवर ती कोरलेली असते. भिंतीजवळ गेलं की एक शब्द उजळतो, तो आपल्याला येऊ लागतो. आणि तो उच्चारला की माणसं उडून पडतात, आग लागते, आभाळ निवळतं. ड्रॅगनांची भांडणं म्हणजे वादविवादच असतात असं खेळातले म्हातारे सांगतात. ७,००० पायऱ्या चढून डोंगरावर गेलं की हे मौनी म्हातारे भेटतात. बोलत नाहीत, कारण बोलले तर घर हलेल. शब्दाला इतकं वजन दिलेली जागा मी अलीकडं साहित्य संमेलनातही पाहिली नाही.

आता मी अडलो ती गोष्ट. पहिल्याच मोठ्या थडग्यात एक दगडी दार लागतं. त्यावर तीन गोल कडी, प्रत्येकावर प्राण्यांची चित्रं. कडी फिरवून तीन चित्रं बरोबर जुळवायची, मध्ये सोन्याचा पंजा बसवायचा, की दार उघडतं. पंजा माझ्याकडं होता. चित्रं जुळेनात. दोन दिवस गेले. शब्दकोश घेऊन मी तिथल्या वह्या वाचल्या. त्यात एवढंच लिहिलेलं, की उत्तर हाताच्या तळव्यात आहे. मला वाटलं, काहीतरी आध्यात्मिक असेल. शेवटी बंगळूरला फोन लावला. आम्ही घरात दखनी बोलतो, इथं मराठीत सांगतो.

“काय झालं अब्बा? गुडघा दुखतोय?”

“गुडघा ठीक आहे. ते तीन कड्यांचं दार उघडत नाही.”

पलीकडं शांतता. मग त्यानं विचारलं, “पंजा आहे तुमच्याकडं? मग पिशवी उघडा, पंजा उलटा करा आणि त्याच्या तळव्याकडं बघा.”

बघितलं. तळव्यावर अस्वल, पतंग आणि घुबड. दार उघडलं. फोनवर तो हसत होता. मी त्याला इतकं हसताना केव्हा ऐकलं होतं, ते आठवेना. त्यानंतर तो रोज रात्री फोन करायला लागला. तब्येतीची चौकशी अर्ध्या मिनिटात उरकायची, की “कुठवर आलात?”

हे झालं कौतुक. पण कौतुक करून थांबलो तर माझ्यातल्या समीक्षकाला झोप लागणार नाही.

सॉलिट्यूड नावाच्या राजधानीत भाटांचं महाविद्यालय आहे. मी धावत गेलो. पाठीवर ढाल, हातात तलवार, पण जीव कवीचा. प्रमुख म्हणाले, प्रवेश हवा तर एका थडग्यातून ओलाफ राजाचं जुनं काव्य शोधून आण. आणलं. पान कुरतडलेलं, अर्ध्या ओळी गायब. मग ते म्हणतात, मधल्या ओळी आपणच रचू, दरबाराला आवडतील अशा. मी पर्याय निवडले, तेही सगळ्यात भन्नाट: राजा म्हणजेच वेष पालटलेला ड्रॅगन होता. दरबार खूष. पोवाड्यांपासून गौरवग्रंथांपर्यंतची आपली सगळी परंपरा पाच मिनिटांत डोळ्यांपुढून गेली! इथवर खेळ फारच हुशार. पण पुढं? पुढं मला एका गुहेतून वीणा, दुसऱ्या गुहेतून बासरी, तिसऱ्या ठिकाणाहून ढोल आणायला सांगितलं. आणून दिलं आणि मी भाट झालो. एकही ओळ न गाता. त्या महाविद्यालयात मला एकदाही कुणी गायला सांगितलं नाही, गायची सोयच नाही. जादूगारांच्या विद्यापीठातही तेच. दोन-चार मंत्र येणारा माणूस थोड्याच दिवसांत तिथला मुख्य होतो. योद्ध्यांच्या वाड्यातही मुख्य. सगळीकडं अध्यक्ष आणि काम एकच, गुहेत जाऊन कुणालातरी मारून वस्तू आणणं. साधन एकच असल्यावर मुलूख कितीही मोठा असो, हात तेच करत राहतो.

अध्यक्ष झालं तरी गावाला त्याचं काही नाही. मी ड्रॅगन मारून आलो तरी वेशीवरचा पहारेकरी तेच सांगतो, की पूर्वी आपणही साहसी होतो, पण गुडघ्यात बाण लागला. हे वाक्य म्हणे जगभर चेष्टेचा विषय झालं. मला पहिल्यांदा फार जवळचं वाटलं, कारणं उघड आहेत. विसाव्यांदा वाटेना. सुमारे ७० कलाकारांचे आवाज या खेळात आहेत, तरी तीच चार-पाच माणसं वेष बदलून सगळ्या गावांत फिरताहेत असा भास होतो. दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली की त्याला दिसत नाही आणि दुकान धुवून नेता येतं. राक्षसानं सोटा मारला की आपला माणूस पार ढगांत जातो. या गमती झाल्या. लोकांना त्या आवडतात, मलाही आवडल्या. ‘प्लेस्टेशन ३’ या यंत्रावर मात्र खेळ जसजसा लांबायचा तसतसा तो अडखळायला लागायचा, आणि पैसे मोजलेल्यांना त्याची गंमत वाटली नसणार.

कामं संपतच नाहीत, ही आणखी एक तक्रार. ठराविक मजल गाठली की यंत्र स्वतःच कामं काढायला लागतं: अमक्या गुहेतले दरोडेखोर मारा, तमक्या बुरुजातले मारा. नावं बदलायची, काम तेच. दास्तानीतही पुनरावृत्ती होती. पण आजोबांना झोप यायची, आणि त्यामुळं रात्र संपायची.

वाट दाखवण्याचंही तसंच. वर एक होकायंत्र असतं, त्यावर बाण, की इकडं जा. मुलगा सांगत होता, की याच मालिकेतल्या २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये असा बाण नव्हता. लोक तोंडी सांगायचे: नदी ओलांड, पुढं पूल लागेल, तिथून डाव्या हाताला वळ. आपण चुकायचो, परत विचारायचो. मी एके दिवशी बाणाकडं बघायचं नाही असं ठरवलं, तर पंचाईत झाली. कारण काम सांगणारी माणसं पत्ताच सांगत नाहीत. ती बाणावर विसंबलेली. खेड्यात वाट विचारणं म्हणजे निम्मी ओळख असते. इथं ओळखीची गरजच काढून टाकलीय.

सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. या मुलुखात मांजरासारख्या तोंडाची खजीत नावाची जमात आहे. त्यांच्या व्यापाऱ्यांना कुठल्याच शहरात प्रवेश नाही; ते वेशीबाहेर तंबू ठोकून बसतात. विंडहेल्म नावाच्या शहरात निर्वासित एल्फांना एका कोंदट गल्लीत ठेवलंय, आणि सरड्यासारख्या आर्गोनियन लोकांना तर शहरात येऊच देत नाहीत. त्यांनी धक्क्यावर माल उतरवायचा, तिथंच राहायचं. मी त्या गल्लीत बराच वेळ थांबलो. भाड्यानं घर शोधताना नाव सांगितल्यावर समोरचा आवाज कसा बदलतो, ते ज्याला माहीत आहे तो अशा गल्लीतून पटकन पुढं जात नाही. मग मी एक प्रयोग केला. नवा खेळ सुरू करून मी स्वतःच खजीत झालो आणि व्हाइटरन शहराच्या वेशीवर गेलो. श्रोतेहो, मी सरळ आत गेलो! एखादा पहारेकरी टोमणा मारतो, बस्स. घर विकत घ्यायला गेलो तर तेही मिळालं. नियम बाकीच्यांना, मला नाही. ज्यांनी ती गल्ली रचली त्यांना अन्याय दिसला होता, यात शंका नाही. पण पैसे देऊन खेळणाऱ्याला तो लागू करायचं धाडस त्यांना झालं नाही. पाहुण्याला सगळी दारं उघडी. आणि युद्धात कुठलीही बाजू जिंकू दे, त्या गल्लीचं रूप काही पालटत नाही.

असं असूनही मी खेळत राहिलो. जग बुडवायला निघालेला ऑल्डुइन नावाचा ड्रॅगन आहे, त्याला थांबवायचं मुख्य काम माझ्याकडं आहे, आणि मी महिनोन्महिने फुलपाखरं धरत हिंडलो तरी तो बिचारा थांबून राहतो. कुणाला उशीर होत नाही. कुणी म्हातारं होत नाही. हा दोष आहे हे मला कळतं, आणि पन्नाशीनंतर तो किती गोड लागतो तेही कळतं.

आता थोडं संकोचाचं सांगतो. भाच्यानं मला खेळ जपून ठेवायचा कसा ते शिकवलं. ती यादी बघताना खाली जुनी नावं दिसली. मुलाची. त्याच्या माणसाचं नाव काहीतरी खास असेल, अशी मला उगाच आशा. तर त्यानं घाईत एकाच अक्षराचं बटण तीनदा दाबलेलं होतं. खेळाचा एकूण वेळ तिथं लिहिलेला असतो: ३१२ तास. म्हणजे रात्रंदिवस धरून १३ दिवस. बारावीच्या वर्षात. मी हिशेब केला, आणि आजही मला वाटतं की वायर काढणारा बाप अगदीच चुकला नव्हता. फाइलवरची तारीख त्या संध्याकाळचीच होती.

बराच विचार करून मी ती उघडली. दारातून आत शिरलं की हा खेळ आपोआप जपला जातो. तेव्हा त्याचा माणूस एका गुहेच्या दारात, नुकतंच आत पाऊल टाकलेला, हातात मशाल घेऊन उभा होता. तिथंच मी बटण बंद केलं होतं. मी त्याला तिथूनच वळवून बाहेर आणलं आणि व्हाइटरनला त्याच्या घरी घेऊन गेलो. छोटं लाकडी घर. ५,००० मोहरांना मिळतं ते. आत गेलो तर ढाली नाहीत, तलवारी नाहीत. फडताळं भरून पुस्तकं. या खेळात शेकडो पुस्तकं आहेत, खरोखर वाचता येणारी: इतिहास, चहाटळ नाटकं, प्रवासवर्णनं, पाककृतीसुद्धा. फडताळं भरल्यावर त्यानं ती टेबलावर, जमिनीवर, पलंगाच्या उशाशी रचली होती. हा मुलगा पुस्तकाला हात लावत नाही, असं मी तेव्हा पाहुण्यांपुढं सांगायचो.

मी त्यातलं एक पुस्तक उघडून दोन पानं वाचली. मग काही न जपता खेळ बंद केला. तेव्हा तो माणूस अजून त्या गुहेच्या दारातच आहे. हे मी मुलाला फोनवर सांगितलं नाही. आज तो रेडिओ लावणार आहे, असं म्हणालाय.

काल रात्री आमचा वाद झाला. व्हाइटरनच्या वेशीवर पागोटी घातलेले, वाकड्या तलवारींचे काही वाळवंटी योद्धे अडवलेले असतात. असल्या वेषातली माणसं वेशीवर अडवलेली बघून मी मनात म्हटलं, चला, इथंही. ते एका बाईला शोधताहेत. ती गावातल्या सराईत काम करते, नाव सादिया. ती म्हणते, मी खरं बोलले म्हणून हे मला मारायला आलेत. त्यांचा नायक म्हणतो, हिनं आपलं शहर शत्रूला विकलं, आम्ही हिला न्यायासाठी नेणार. दोघंही चांगलं बोलतात. खरं कोण, ते खेळ शेवटपर्यंत सांगत नाही. आपण एकाला धरून द्यायचं. सगळ्या खेळात मला हीच जागा सर्वांत उत्तम वाटली. मुलानं तेव्हा म्हणे तिला त्यांच्या हवाली केलं होतं.

“का?” मी विचारलं.

“तिनं माझ्यावर सुरा उगारला, अब्बा. आणि तो माणूस शांतपणे बोलत होता.”

“शांतपणे बोलणारा खरा असतो का?”

तो जरा थांबला. म्हणाला, “तुम्ही कुणाला धरून दिलंत?”

मी अजून कुणालाच दिलेलं नाही. ते काम माझ्या यादीत तसंच पडून आहे. ती सराईत पेले पुसतेय, ते डोंगरातल्या गुहेत वाट बघताहेत. येत्या ईदला तो चार दिवस रजा काढून येणार आहे. तोवर मी उत्तरेकडचा किनारा बघून घेईन म्हणतो. तिकडं बर्फात पाणघोड्यासारखी कसली तरी जनावरं असतात, आणि त्यांच्या फार जवळ जायचं नाही, अशी सूचना मला मिळालेली आहे.